घरच्या घरी पावर स्टीअरिंगचं ऑइल बदलणे: गावाकडून नेहमी येणारे प्रश्न

बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, तवेरा, क्वालिस, जुनी इनोव्हा, ह्या गाड्या आपल्या इकडे गावोगाव आहेत, कापसाच्या टायमाला जिनिंगवर, लग्नसराईत वऱ्हाड घेऊन, अन् रात्री-बेरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं असलं तरी त्याच. इंजिन ऑइल सगळेच बदलतात, पण स्टीअरिंगच्या ऑइलकडे पंप ओरडल्याशिवाय कोणी पाहत नाही, अन् तोवर पंप किंवा रॅक (स्टीअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत नेणारा भाग) गेलेला असते अन् खर्च हजारात जाते. हे काम अंगणात होण्यासारखं आहे. फक्त दोन गोष्टींत तडजोड चालत नाही: ऑइल बरोबर पाहिजे, अन् पंप एक क्षणही कोरडा फिरू द्यायचा नाही. खालचे प्रश्न लोक जसे विचारतात तसेच ठेवले आहेत.

१. माह्या गाडीत हे ऑइल असतेच का? बोनेट उघडलं तं डबीच दिसत नाही.

नसू शकते. आल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, टियागो अशा गाड्यांत पावर स्टीअरिंग मोटरवर चालते, त्यात ऑइल नाही, म्हणून बदलायचंही काही नाही. कोणी अशा गाडीचं "स्टीअरिंग ऑइल बदललं" म्हणून बिल लावलं तर सरळ विचारा की कुठून काढलं. हायड्रॉलिक स्टीअरिंग असलेल्या गाडीत इंजिनच्या बेल्टवर फिरणारा पंप असते अन् जवळच एक छोटी डबी असते, तिच्या झाकणावर स्टीअरिंग चाकाचं चित्र किंवा ऑइलचं नाव छापलेलं असते. पाण्याची, ब्रेक ऑइलची अन् ही डबी यांच्यात घोळ करू नका, तो घोळ किती महागात पडते ते प्रश्न १३ मध्ये आहे.

एक तिसरा प्रकारही आहे, पंप बेल्टवर नाही तर विजेच्या मोटरवर, पण आतमध्ये ऑइलच. काही युरोपियन बनावटीच्या गाड्यांत तो भेटते. त्या गाड्यांची ऑइल बदलायची अन् हवा काढायची पद्धत वेगळी असते, खालची पद्धत त्यांना लावू नका.

२. किती किलोमीटरला बदलायचं? शोरूमवाला म्हणते लाइफटाइम आहे.

बऱ्याच कंपन्या मॅन्युअलमध्ये फक्त "तपासा" एवढंच लिहितात, बदलायचा आकडा देत नाहीत, त्यामुळं लाइफटाइम हा शब्द तिथून आला. पण आतमध्ये रबराचे सील आहेत, पाईप आहेत, पंपाच्या पात्या आहेत, त्यांची झीज ऑइलमध्येच उतरते अन् तिथंच फिरत राहते, कारण इंजिनसारखा बदलायचा फिल्टर बहुतेक गाड्यांत नाही, डबीच्या बुडाशी एक बारीक जाळी असते तेवढीच. मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तो पाळा. नसेल तर माझं मत असं की डांबरी रोडवर चालणारी गाडी असेल तर ६० ते ८० हजार किमी ठीक आहे, पण पांदणीतून, काळ्या मातीतून, भरलेल्या मालानं चालणारी गाडी असेल तर ४० हजार किंवा ३ वर्षं, जे आधी येईल ते. आपल्या इकडचा उन्हाळा ह्यात धरा. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी इथं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, त्यात बोनेटखालची गरमी वेगळी, अन् गरमीनंच ऑइल लवकर खराब होते.

३. ऑइल खराब झालं हे घरी कसं ओळखायचं?

पांढऱ्या कागदावर दोन थेंब टाका अन् उन्हात पाहा. लाल ऑइल वापरणाऱ्या गाडीत नवं ऑइल स्वच्छ लाल दिसते, विटकरी झालं तर दिवस भरत आले, काळं झालं अन् जळका वास येत असेल तर बदलाच. कागदावर बारीक चकाकी दिसली तर ती धातूची झीज आहे, अशा वेळी नुसतं ऑइल बदलून पुरत नाही, पंप कोणाला तरी दाखवा. काळे बारीक कण म्हणजे बहुतेक पाईपचं आतलं रबर सुटून राहिलं. पण रंगावर एकट्यावर जाऊ नका, काही गाड्यांचं मूळचंच ऑइल पिवळसर असते, काहींचं हिरवं. तुमच्या गाडीत नवं कोणत्या रंगाचं भरतात ते माहीत असल्याशिवाय जुन्याला नावं ठेवता येत नाही.

४. स्टीअरिंग जड झालं, वळवताना घूंऽऽ आवाज येते. ऑइल बदललं की जाईल का?

कधी जाते, कधी नाही. ऑइल आणायला तालुक्याला जायच्या आधी घरीच चार गोष्टी पाहून घ्या. पहिलं, पुढच्या टायरची हवा. कमी हवेनं स्टीअरिंग जड होते, अन् हे सगळ्यात जास्त वेळा निघते. दुसरं, पंपाचा बेल्ट. वळवताना चीऽऽ असा तीक्ष्ण आवाज आला तर तो बेल्ट घसरल्याचा, घूंऽऽ असा जाड आवाज आला तर तो पंपाचा. तिसरं, डबीतली लेवल. लेवल कमी असली की पंप हवा ओढते अन् ओरडते. चौथं, बॉल जॉइंट अन् टाय रॉडचे एंड, म्हणजे पुढच्या चाकांजवळचे स्टीअरिंगचे सांधे, ग्रीस सुकून माती शिरली की तेही जड होतात, अन् याचा ऑइलशी काही संबंध नाही.

हे चारही बरोबर असून आवाज येत असेल अन् ऑइल काळं असेल, तर फ्लश केल्यानं, म्हणजे जुनं सगळं ऑइल धुऊन काढून नवं भरल्यानं, बऱ्यापैकी फरक पडते. डबीच्या जाळीत गाळ अडकून पंपाला ऑइल पुरत नसेल तर आवाज अगदी बंदही होते. पण पंपाच्या पात्या घासल्या असतील तर नवं ऑइल चार दिवस बरं वाटू देईल अन् आवाज परत येईल.

५. कोणतं ऑइल टाकायचं? दुकानदार म्हणते सगळं एकच असते.

एकच नसते. ह्या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे म्हणून सावकाश वाचा. झाकणावर अन् मॅन्युअलमध्ये जे लिहिलं तेच टाकायचं. आपल्या इकडच्या जुन्या बऱ्याच गाड्यांत ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल, म्हणजे एटीएफ, चालते, अन् तिथं डेक्स्रॉन-२ किंवा डेक्स्रॉन-३ (जनरल मोटर्स कंपनीनं ठरवलेले एटीएफचे प्रकार) असं लिहिलेलं असते. ह्युंदाईच्या काही गाड्यांना पीएसएफ-३ (पीएसएफ म्हणजे पावर स्टीअरिंगचंच खास ऑइल) लागते, काहींना पीएसएफ-४. होंडाच्या हायड्रॉलिक स्टीअरिंगवाल्या गाड्यांना होंडाचंच वेगळं ऑइल. युरोपियन गाड्यांत हिरवं सिंथेटिक येते, त्यात लाल एटीएफ मिसळायचं नाही.

डेक्स्रॉन-३ बद्दल एक माहीत असू द्या. जनरल मोटर्सनं ह्या प्रकाराचे परवाने २००६ च्या शेवटी बंद केले, त्यामुळं आज दुकानात जी बाटली "डेक्स्रॉन-३" म्हणून भेटते ती "त्या जागी चालेल" असं बनवणाऱ्या कंपनीचं सांगणं आहे. म्हणून नाव ऐकलेल्या कंपनीचं घ्या, सील, बॅच नंबर, तारीख पाहून घ्या, सुटं मापून देणाऱ्याकडून घेऊच नका. डेक्स्रॉन-६ त्याच्या नंतरचं, पण ते पातळ असते. जुन्या, आधीच थोड्या पाझरणाऱ्या रॅकमध्ये मॅन्युअलनं सांगितल्याशिवाय मी ते टाकणार नाही.

झाकणावरचं पुसलं गेलं असेल तर गाडीचं मॉडेल, वर्ष अन् चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या पार्ट काउंटरवर विचारा, फोनवरही सांगतात. अंदाजानं नको.

६. गावात एटीएफ भेटत नाही, ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल घरी पडलंच आहे. ते चालेल का?

नाही चालत. लोक टाकतात, गाडी त्या दिवशी चालतेही, म्हणून हा समज पसरला. ट्रॅक्टरचं गिअर-हायड्रॉलिकचं ऑइल जाड असते, थंडीच्या सकाळी स्टीअरिंग जाम लागते, अन् त्यातली रसायनं गाडीच्या सीलसाठी बनलेली नाहीत. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, हेही नाही. एटीएफ तालुक्याच्या मोठ्या स्पेअर पार्टच्या दुकानात भेटते, नाही तर यवतमाळ, अमरावती, अकोला, वर्धा, जिकडं जाणं होईल तिकडून २ लिटर आणून ठेवा, बाटली सीलबंद असली तर ऑइल कुठं जात नाही.

७. सामान काय काय लागते?

ऑइल २ लिटर. सिस्टीममध्ये साधारण १ लिटरच्या आसपास असते, गाडीप्रमाणे कमी-जास्त, पण धुऊन काढायला दुप्पट धरा. १०० मिलीची मोठी सिरींज, ढोरांच्या औषधाच्या दुकानात भेटते, अन् तिला लावायला सलाईनची नळी, दोन्ही नव्या, वापरलेल्या नको. पारदर्शक पाईप एक-दीड मीटर, तुमच्या रिटर्न पाईपमध्ये घट्ट बसेल असा. पाण्याची रिकामी २ लिटरची बाटली. रिटर्न पाईप काढल्यावर डबीचं तोंड बंद करायला रबरी बूच. पक्कड, पेचकस, जुन्या सुती साडीचा धुतलेला कपडा (टॉवेलचा नको, त्याचे धागे सुटतात). जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड), अन् हाताखाली एक समजदार माणूस. पाईपच्या जुन्या क्लिपा गंजल्या असतील तर दोन नव्या आणूनच ठेवा, त्या उघडताना तुटतात अन् मग गाडी अंगणात अडकते.

८. पाईप काढायची हिंमत नाही. नुसतं डबीतलं काढून भरलं तर?

हाव, चालते, अन् पहिल्यांदा करणाऱ्यानं हेच करावं असं माझं म्हणणं आहे. इंजिन बंद ठेवून, झाकणाच्या आजूबाजूची धूळ आधी पुसून, सिरींजनं डबीतलं जुनं ऑइल ओढून घ्यायचं, जाळीवरचा गाळ पुसून घ्यायचा, नवं ऑइल खुणेपर्यंत भरायचं, इंजिन चालू करून स्टीअरिंग दोन्हीकडं सावकाश फिरवायचं, मग आठवडाभर गाडी चालवून परत तेच.

हिशेब असा आहे. सिस्टीम १ लिटरची अन् डबीतून ३०० मिली निघते असं धरलं तर पहिल्या वेळी ७० टक्के जुनं राहते, दुसऱ्या वेळी ४९, तिसऱ्या वेळी ३४, चौथ्या वेळी २४, पाचव्या वेळी १७. म्हणजे दीड लिटर ऑइलमध्ये ८० टक्क्यांच्या वर नवं झालं, पाईपला हात न लावता, अन् हवा शिरायची भीतीही जवळपास नाही. डबी पूर्ण रिकामी करून इंजिन मात्र चालू करायचं नाही, भरल्यावरच.

ऑइल काळंकुट्ट असेल, चुकीचं पडलं असेल किंवा पाणी शिरलं असेल तर ही पद्धत पुरत नाही, तेव्हा प्रश्न ९.

९. पूर्ण फ्लश कसा करायचा? सगळं सांगा.

जागा आधी. काळी जमीन किंवा शेणानं सारवलेलं अंगण असेल तर जॅक खाली रुततो, पावसाळ्यात तर हमखास, त्यामुळं फरशी किंवा सिमेंटचा कोबा पाहा. तो नसेल तर जॅक अन् घोड्या दोन्हीखाली जाड सपाट फळी टाका. गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलून गाडी घोड्यांवर बसवायची. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थरावर नाही, वीट भारानं फुटते. इंजिन थंड पाहिजे.

सिरींजनं डबी रिकामी करा. रिटर्न पाईप ओळखा (कसा ओळखायचा ते प्रश्न १० मध्ये), खाली कपडा धरा, क्लिप मागं सरकवून पाईप डबीवरून काढा. ओढून निघत नसेल तर गोल पिळून सैल करा, पेचकसानं कोरू नका, डबीचं प्लास्टिकचं नळकांडं तुटते. डबीच्या उघड्या तोंडाला बूच लावा. रिटर्न पाईपात पारदर्शक पाईप बसवून त्याचं दुसरं टोक बाटलीत, अन् बाटली कुठं तरी बांधून ठेवा म्हणजे पडणार नाही.

आता डबी नव्या ऑइलनं भरा. किल्ली फक्त एवढी फिरवा की स्टीअरिंगचं लॉक सुटेल, इंजिन चालू करायचं नाही. हाताखालच्या माणसानं स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं अन् तुम्ही डबीवर डोळा ठेवायचा. प्रत्येक फेरीला जुनं ऑइल बाटलीत येते अन् डबीतली लेवल खाली जाते. लेवल खालच्या खुणेजवळ आली की "थांब" म्हणायचं, भरायचं, परत चालू. घाई इथंच नडते, फिरवणारा जोशात फिरवत राहते, भरणारा इकडं-तिकडं पाहते, अन् डबी रिकामी होऊन हवा आत जाते. पारदर्शक पाईपात आधी काळं, मग विटकरी, मग स्वच्छ रंग दिसेल. स्वच्छ दिसल्यावरही दोन-तीन फेऱ्या जास्त मारा, कारण रॅकच्या दोन्ही बाजूंना ऑइल साचलेलं असते.

काही गाड्यांत हातानं फिरवून डबीतलं ऑइल खाली उतरतच नाही, पंप अडवून धरते. अशा वेळी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, इंजिन सुरू होणार नाही याची आधी सोय करून, म्हणजे इंधनाचा फ्यूज किंवा रिले काढून, २-३ सेकंदांचा सेल्फ मारायचा, थांबायचं, डबी पाहायची, भरायची, परत. लांब सेल्फ मारू नका, डबी तेवढ्यात रिकामी होते अन् स्टार्टरही गरम होते. कोणता रिले काढायचा हे पक्कं माहीत नसेल तर इथं थांबा अन् प्रश्न ८ ची पद्धत करा.

झालं की बूच काढून रिटर्न पाईप परत बसवा, क्लिप तिच्या जुन्या खुणेवरच आली पाहिजे, सांडलेलं सगळं पुसून घ्या म्हणजे नंतर गळती दिसली तर ती खरी आहे हे कळेल. पुढचं काम हवा काढायचं, ते प्रश्न ११ मध्ये.

एक गोष्ट परत सांगतो, चाकं हवेत असताना अन् कोणी स्टीअरिंग फिरवत असताना चाकाजवळ, रॉडजवळ हात नको, अन् लेकरं अंगणाबाहेर.

१०. दोन-तीन पाईप दिसतात, रिटर्नचा कोणता?

डबीला बहुधा दोन पाईप असतात. जाड पाईप डबीतून सरळ पंपाला जाते, तो ऑइल ओढायचा. बारीक पाईप रॅककडून किंवा पुढच्या कूलिंगच्या नळीकडून परत येते, तो रिटर्नचा, साध्या क्लिपवर बसवलेला. तिसरा पाईप पंपातून रॅकला जाणारा, त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी दाबलेले जोड असतात, तो प्रेशरचा. त्याला हात लावायचा नाही. टायरमध्ये ३०-३५ पीएसआय हवा असते, ह्या पाईपात फुल लॉकला, म्हणजे स्टीअरिंग पूर्ण टोकापर्यंत वळवल्यावर, हजार पीएसआयच्या वर दाब जाते. इंजिन चालू असताना ह्या पाईपवर गळती शोधायला बोट फिरवू नका, बारीक छिद्रातून निघालेलं ऑइल कातडी भेदून आत जाते. असं कधी झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच मोठ्या दवाखान्यात जायचं, उद्यावर टाकायचं नाही. शोधायचंच असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा समोर धरा, त्यावर डाग पडेल.

११. ऑइल बदलल्यावर फेस येऊन राहिला अन् आवाज आधीपेक्षा जास्त आहे. काय बिघडलं?

बहुतेक काही बिघडलं नाही, हवा अडकली आहे. इंजिन बंद करा अन् अर्धा-पाऊण तास गाडीला हात लावू नका, फेस आपोआप बसते. मग चाकं हवेतच ठेवून, इंजिन बंद ठेवून, झाकण उघडं ठेवून स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत अगदी सावकाश १५-२० वेळा फिरवा. डबीत बुडबुडे वर येताना दिसतील, लेवल उतरेल, भरत जा. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करा, अॅक्सिलेटर न देता, अन् परत सावकाश दोन्हीकडं. टोकाला ४-५ सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरायचं नाही, तिथं दाब सगळ्यात जास्त असते अन् ऑइल झपाट्यानं गरम होते. हा नियम रोजच्या चालवण्यातही पाळा, घराच्या बोळीतून गाडी काढताना लोक फुल लॉक मारून तसंच धरून ठेवतात, पंप त्यानंच लवकर जाते.

दोन-तीनदा केलं तरी फेस येतच असेल तर हवा बाहेरून येऊन राहिली असं समजा. डबी ते पंप ह्या जाड पाईपची क्लिप पाहा. तिथून ऑइल बाहेर गळत नाही पण हवा आत ओढली जाते, म्हणून ती जागा कोरडी दिसते अन् कोणाला शंका येत नाही.

१२. एक जण म्हणे आधी डिझेल किंवा रॉकेल टाकून धुऊन घ्या, एकदम साफ होते.

करू नका. पंपाला वंगण देणारं ते ऑइलच आहे, डिझेल-रॉकेल टाकून पंप फिरवला की धातूवर धातू घासते. वरून थोडं रॉकेल आत राहतेच अन् नव्या ऑइलला पातळ करते. धुवायचं असेल तर त्याच जातीचं नवं ऑइल जास्त घालून धुवा. डबी पूर्ण उतरवली असेल तर ती एकटी बाहेर धुता येते, पण थेंबभर ओल न ठेवता वाळवून मगच बसवा. डबीची जाळी गाळानं बुजलेली असेल अन् निघत नसेल तर डबीच नवी घ्या.

१३. चुकून स्टीअरिंगच्या डबीत ब्रेक ऑइल पडलं. आता?

इंजिन चालू केलं नसेल तर फार नुकसान नाही. सिरींजनं डबी पूर्ण रिकामी करा, नवं ऑइल घालून खळखळून परत काढा, दोन-तीनदा, मग भरा. चालू केलं असेल तर लगेच बंद करा अन् प्रश्न ९ चा पूर्ण फ्लश करा, ऑइल दुप्पट धरून. ब्रेक ऑइलची जात वेगळी आहे, स्टीअरिंगचे सील त्यानं फुगून मऊ पडतात, अन् मग रॅक, पंप दोन्ही गळायला लागतात. उलटं झालं, म्हणजे ब्रेकच्या डबीत स्टीअरिंगचं ऑइल पडलं, तर ते जास्त वाईट आहे, गाडी जागेवरून हलवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

१४. लेवल दर महिन्याला उतरते पण खाली जमिनीवर डाग नाही. जाते कुठं?

हे ऑइल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही, उतरलं म्हणजे गळलंच. रॅकच्या दोन्ही टोकांना जे रबराचे बूट असतात ते दाबून पाहा, आतला सील गेला की ऑइल त्या बुटात साचते, बाहेर येत नाही. दुसरी जागा पंपाच्या शाफ्टचा सील, तिथून उडालेलं ऑइल धुळीत मिसळून पंपाखाली काळा थर जमते, आपल्या मातीत तो ऑइलचा वाटतही नाही. बुटात ऑइल भेटलं तर सील किट टाकायची वेळ आली आहे. ते काम घरचं नाही, रॅक उतरवावा लागते अन् नंतर व्हील अलाइनमेंट करावी लागते.

१५. गळती बंद करायचं औषध बाटलीत येते ते टाकू का?

ते रबराला फुगवते, म्हणून थोडे दिवस गळती कमी वाटते, अन् नंतर तेच रबर भुसभुशीत होते. विकायला काढलेल्या गाडीत लोक टाकतात, घेणारा फसते. स्वतःच्या गाडीत टाकू नका, जिच्यात घरची माणसं बसतात तिच्यात तर नाहीच.

१६. गाडी लाखाच्या वर चालली, ऑइल कधीच बदललं नाही. आता बदललं तर गळायला लागेल म्हणतात, खरं आहे का?

थोडं खरं आहे. सील आधीच कडक झाला असेल अन् गाळानं ती फट बुजून राहिली असेल, तर स्वच्छ ऑइल ते दाखवून देते. नव्या ऑइलनं सील खराब केला असं मात्र नाही. अशा गाडीला मी एकदम पूर्ण फ्लश न करता प्रश्न ८ ची हळूहळूची पद्धत सांगेन, प्रत्येक वेळी बूट अन् पंप तपासून. अन् ऑइलमध्ये चकाकी दिसली (प्रश्न ३) तर ऑइलवर पैसे घालण्याआधी पंप तपासा.

१७. उन्हाळ्यात डबीतून ऑइल उतू जाते, झाकण ओलं दिसते.

जास्त भरलं आहे. डबीवर थंड अन् गरम अशा दोन खुणा असतात, किंवा कमी-जास्त अशा. सकाळी थंड गाडीत गरमच्या खुणेपर्यंत भरलं की दुपारच्या उन्हात, वरून भरल्या गाडीत, ऑइल फुगून झाकणातून निघते. सकाळी पाहत असाल तर थंडच्या खुणेपर्यंतच. जास्त झालेलं सिरींजनं काढून घ्या. झाकणाची रबरी रिंग चपटी झाली असेल तर तीही बदला, तिच्यातून पावसाळ्यात पाणी अन् उन्हाळ्यात धूळ आत जाते.

१८. नाल्याला पूर होता, गाडी बोनेटपर्यंत पाण्यात गेली. हे ऑइल पण बदलावं लागेल का?

झाकण उघडून पाहा. लाल ऑइल दुधाळ गुलाबी दिसलं तर पाणी गेलं, इंजिन चालू न करता पूर्ण फ्लश करा, अन् आठवडाभर चालवून परत एकदा, कारण पहिल्या वेळी सगळं पाणी निघत नाही. रंग नेहमीचा असेल तर ८-१० दिवस रोज पाहत राहा. पाण्यात बुडालेल्या गाडीचं इंजिन, गिअर, डिफरन्शियल हे आधी, स्टीअरिंग त्याच्या मागून.

१९. रस्त्यात स्टीअरिंगचा पाईप फुटला, गाव १५ किलोमीटर आहे. चालवत आणू का?

पहिलं, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा अन् ऑइल सायलेन्सरच्या गरम पाईपवर उडालं का पाहा. उडालं असेल तर चालवायचीच नाही, पेटू शकते. नसेल तर गाडी वळते, फक्त स्टीअरिंग खूप जड होते. खरा धोका पंपाला आहे, कोरडा फिरला की थोड्याच वेळात जाम होते. पंपाचा बेल्ट वेगळा असेल तर तो काढून टाका अन् हळू आणा. एकच बेल्ट अल्टरनेटर, पाण्याचा पंप सगळं फिरवत असेल तर तो काढता येत नाही, मग टोचन करून आणणं परवडते. डबीत पाणी टाकून आणू नका.

२०. काढलेलं जुनं ऑइल काय करावं? आमच्याकडं उधईसाठी लाकडाला लावतात.

ही सवय सोडायला पाहिजे. बल्ल्यांना, कुंपणाच्या खांबांना लावलेलं ऑइल पहिल्या पावसात धुऊन शेतात अन् नाल्यात उतरते, अन् ढोरं तेच लाकूड चाटतात. वापरलेलं ऑइल २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येते. बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून, वर ठळक लिहून ठेवा, पाण्याची बाटली म्हणून कोणी उचलायला नको, अन् तालुक्याला जाल तेव्हा ज्या गॅरेजमध्ये जुन्या ऑइलचा ड्रम असते तिथं द्या. ते ड्रम विकले जातात म्हणून कोणी नाही म्हणत नाही. विहिरीजवळ, बांधावर, उकिरड्यावर ओतायचं नाही.

२१. ट्रॅक्टरचं पावर स्टीअरिंग पण असंच करायचं का?

नाही. ट्रॅक्टरमध्ये बहुधा स्टीअरिंगपासून चाकापर्यंत लोखंडी जोड नसते, निरा ऑइलच चाक वळवते, त्यामुळं आत हवा राहिली तर रस्त्यावर चालत्या ट्रॅक्टरचं स्टीअरिंग पोकळ फिरते. काही मॉडेलमध्ये स्टीअरिंगची टाकी वेगळी असते, काहींत मागच्या गिअर-हायड्रॉलिकचंच ऑइल स्टीअरिंगला येते अन् वेगळं असं काही बदलायचं नसते. टाकी वेगळी असेल तर तिच्यात काय भरायचं ते तिच्या पुस्तकात पाहा, गाडीचं एटीएफ उरलं म्हणून त्यात ओतू नका. अन् ऑइल बदलल्यावर ट्रॉली न जोडता आधी मोकळ्या वावरात फिरवून पाहा, दोन्हीकडं पूर्ण वळते अन् स्टीअरिंग कुठंच पोकळ जात नाही हे पक्कं झाल्यावरच रोडवर काढा.